वीस दिवस जू नाही

मित्रांनो, मी एक जुनी डागणी आहे. डागणी म्हणजे जनावराला डाग द्यायची लोखंडी सळई. विस्तवात लाल करायची आणि बैलाच्या दुखऱ्या खांद्यावर नाहीतर पायावर टेकवायची, एवढंच माझं काम. हे ऐकून तुम्ही तोंड वाकडं केलं असेल तर खुशाल करा. मी माझी हकीकत सांगायला बसले आहे, माफी मागायला नाही. मला तापवताना कुणी विचारलं नाही आणि माझी कीर्ती गावोगाव पसरली तेव्हाही कुणी विचारलं नाही.

माझा जन्म सेलू तालुक्यातल्या वालूरचा. धोंडप्पांच्या बैलगाडीचं एक चाक मोडलं, तेव्हा त्या चाकाची लोखंडी धाव भुजंग लोहाराच्या भट्टीवर आली. तिच्यातल्या हातभर तुकड्यापासून भुजंगने मला घडवलं. टोकाला बोटभर रुंद पट्टी आणि मागे बाभळीची मूठ. मूठ हातात घेऊन धोंडप्पांनी मला उन्हात फिरवून पाहिलं आणि वजन बरोबर आहे म्हणाले. मला फार बरं वाटलं. नव्या लोखंडाला कौतुकाची भूक असतेच.

धोंडप्पा म्हणजे गळ्यात इष्टलिंग, कपाळावर विभूतीचे पट्टे आणि नाकावर राग. पण हात स्वच्छ. डाग देण्याबद्दल त्यांनी कधी कुणाकडून सुपारीसुद्धा घेतली नाही. त्यांची एकच अट असे. विस्तव पेटवण्याआधी ते बैलाच्या कपाळाला विभूती लावत, मालकाच्या तळहातावरही चिमूटभर ठेवत आणि त्याच्याकडून तीन वेळा वदवून घेत, "वीस दिवस जू न्हाई." ज्याचा जो देव असेल त्याची त्याने शपथ घ्यायची. वीस दिवस त्या बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, नांगर नाही, वखर नाही, गाडी नाही. शपथ मोडली तर डाग उलटतो आणि जनावर जन्माचं लंगडं होतं, असं ते सांगत. लोक ते मानत. शपथ झाल्याशिवाय मला विस्तव दाखवला जात नसे.

मग झरीहून, पाथरीहून लोक येऊ लागले. कुणाच्या बैलाचा खांदा सुजलेला, कुणाच्या बैलाचा पाय बांधावरून मुरगळलेला. चार माणसं बैलाला दोरखंडाने आडवं पाडून धरत. मी टेकले की केस जळल्याचा वास सुटे, बैल सगळ्या अंगाने थरथरे आणि लोक म्हणत, झालं, दुखणं जळालं. महिनाभराने मालक बैल हाकत येई आणि सांगे की बघा, पाय टेकवायलाय. लोक धोंडप्पांच्या पाया पडत आणि मला हात जोडत. मी खुंटीवर ताठ होऊन बसे. खोटं कशाला बोलू, मला गर्व झाला होता.

तो गर्व उतरवला बायनाबाईच्या बैलाने. बायनाबाई आमच्याच गावची, एकटीच्या बळावर शेती करणारी. तिचा बैल पुढच्या पायाने लंगडत होता. त्या दिवशी झड लागली होती, गोवऱ्या ओल्या होत्या आणि विस्तव धुमसत होता. मी लाल झालेच नाही. हात लावला तर जेमतेम चटका बसावा इतकीच तापले होते. बैलाचे भिजलेले केस माझ्याखाली वाफाळले, धोंडप्पांना तो धूर वाटला आणि त्यांनी डाग झाला म्हणून सांगितलं. कातडीवर साधी रेघसुद्धा उठली नव्हती. बायनाबाईने मात्र शपथ पाळली. वीस दिवस बैल गोठ्यात उभा ठेवला, वैरणपाणी जागेवर दिलं. एकविसाव्या दिवशी तो बैल चारही पाय टाकत आमच्या दारात आला आणि तिने माझ्यापुढे गूळखोबरं ठेवलं.

मी तेव्हाच ओळखलं, मित्रांनो. बैल बरा झाला होता आणि मी काहीही केलेलं नव्हतं.

पुढच्याच वर्षी गावातल्या दत्ताचा बैल आला. त्याला मी चांगली लालबुंद होऊन टेकले होते. पण पेरणीची घाई होती, दत्ताने पाचव्याच दिवशी बैल औताला जुंपला आणि तो बैल कायमचा लंगडा झाला. शपथ मोडली म्हणून डाग उलटला, असं सगळं गाव म्हणालं. बैलाला आराम मिळाला नाही, असं एकानेही म्हटलं नाही. मला ओरडून सांगावंसं वाटलं की अरे, बरं करतात ते वीस दिवस, मी नाही. पण लोखंडाचं ऐकतो कोण? मला तोंड नव्हतं आणि बैलाचं तोंड बांधलेलं होतं. धोंडप्पा सरळ मनाचे होते, त्यांना वाटायचं आपण दुखणं काढतो. त्या विश्वासानेच ते पुढची कैक वर्षं मला तापवत राहिले.

हळूहळू गावात ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले. धोंडप्पांची नात ऋतुजा परभणीला जनावरांची डॉक्टर व्हायला गेली. पहिल्याच सुट्टीत तिने आजोबांना सांगितलं की डाग देणं म्हणजे जनावराचे हाल आहेत आणि ते कायद्यातही बसत नाही. आजोबांनी दोन दिवस तिच्याशी बोलणं टाकलं. तिनेही माघार घेतली नाही. शेवटी तिच्या वडिलांनी, शिवप्रकाशने, डाग बंद करायला लावला आणि मी ओसरीच्या खुंटीवर लटकले ती लटकलेच. माझ्यावर गंज चढला. कुणी माझ्या मुठीला छत्री अडकवी, कुणी ओला पंचा. मला त्याचं वाईट वाटलं नाही असं नाही. पण आता कुणी भाजत नाही, याचं समाधान त्याहून मोठं होतं.

अशी आठ वर्षं गेली. गेल्या हिवाळ्यात कापसाची ट्रॉली भरताना चौऱ्याहत्तर वर्षांचे धोंडप्पा वरून घसरले आणि उजवा गुडघा धरून खाली बसले. सेलूच्या दवाखान्यात फोटो काढला. हाड शाबूत होतं, पण गुडघ्याचा आतला बंध ताणला गेला होता. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, जेवल्यावरच घ्या म्हणून बजावलं, बर्फाने शेकायला सांगितलं, गुडघ्याला पट्टा दिला आणि तीन आठवडे गुडघ्यावर भार टाकू नका म्हणाले.

मी खुंटीवरून पुढचं सगळं पाहिलं, कारण धोंडप्पांची बाज माझ्याच खाली टाकली होती. बर्फाला त्यांनी हात लावू दिला नाही. बर्फ मढ्याला लावतात, मी अजून जिवंत आहे, असं ते त्यांच्या बायकोला, चन्नबसम्माला म्हणाले. पट्टा त्यांनी बाजेखाली सारला. गोळी तेवढी घेतली. दुसऱ्या दिवशी गोळीने ठणका थांबला, तेव्हा त्यांना वाटलं गुडघा बरा झाला. उठले ते थेट शेतात मोटार चालू करायला गेले आणि बांधावर उकिडवे बसून पाइप जोडत राहिले. संध्याकाळी त्यांना दोघांनी धरून आणलं. गुडघा दुप्पट झाला होता.

गोळीने दुखणं दिसेनासं होतं, मित्रांनो, जात नाही. माझ्या चटक्यानेही तेच होत असे. भाजल्याची आग इतकी असे की बैल पायाचं दुखणं विसरून जाई, आणि लोकांना वाटे की दुखणं गेलं. पण माझ्यामागे निदान वीस दिवसांची शपथ तरी होती. गोळीमागे कसलीच शपथ नव्हती. धोंडप्पांनी दुकानातून परस्पर तसल्याच गोळ्या आणवल्या आणि एकाच्या जागी दोन घेऊ लागले. त्यात सोमवारचा उपास आला. नुसत्या चहावर त्यांनी चार गोळ्या गिळल्या. तिसऱ्या दिवशी शौचाला डांबरासारखं काळं झालं आणि ते चक्कर येऊन न्हाणीत पडले.

पोटात आतून रक्त गेलं होतं. दवाखान्यात दोन दिवस सलाईन लावून ते घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. डॉक्टरांनी तसल्या गोळ्या कायमच्या बंद केल्या, दुसरी सौम्य गोळी लिहून दिली आणि पुन्हा तेच सांगितलं, पट्टा बांधा, सूज आली की बर्फ लावा, तीन आठवडे दम धरा. शिवाय एक गोष्ट शिवप्रकाशला बाजूला घेऊन सांगितली. धोंडप्पांना दहा वर्षांपासून शुगर होती. गुडघ्यावर कुठला लेप, बिब्बा, चटका, काही लावू देऊ नका, शुगरच्या माणसाची भाजलेली जखम भरत नाही, पाय कापायची पाळी येते.

धोंडप्पांनी त्यातलं सोयीचं तेवढं ऐकलं, ते म्हणजे गोळ्या बंद. आठवडाभर ते रात्रंदिवस कण्हत राहिले आणि एका सकाळी त्यांची नजर माझ्यावर आली. ते चन्नबसम्माला म्हणाले, "गोळीनं पोट जाळलं. बर्फ मला नको. ज्यानं दोनशे जनावरं बरी केली, तेच मला द्या. सोमवारी डाग."

चन्नबसम्मा रडली, भांडली. शिवप्रकाशने डॉक्टरांचं बोलणं दोनदा ऐकवलं. धोंडप्पांचं उत्तर ठरलेलं होतं. बैलाला ज्याची भीती घातली नाही त्याची मला कशाला घालता, असं ते म्हणत. हे मात्र मला आवडलं, हे कबूल करते. माणूस चुकीचा होता, पण लबाड नव्हता. जे बैलांना दिलं ते स्वतःच्या अंगावर घ्यायला तयार होता. मला तरीही धडकी भरली. आयुष्यभर न केलेल्या कामाचं श्रेय मला मिळालं होतं आणि आता त्या खोट्या श्रेयापायी माझ्याच धन्याचा पाय जाणार होता.

सोमवारी सकाळी भुजंग लोहार आला. तोही आता थकला होता. त्याने पुष्कळ आढेवेढे घेतले, पण जुन्या मैत्राला नाही म्हणणं त्याला जमलं नाही. त्याने मला खुंटीवरून काढलं, दगडावर घासून गंज उतरवला आणि अंगणात गोवऱ्या पेटवल्या. त्या दिवशी गोवऱ्या कोरड्या होत्या. मी भराभर तापत गेले. अंगातला कण न् कण नको नको म्हणत होता आणि तरी मी लाल होत होते. शिवप्रकाश रागाने घराबाहेर निघून गेला होता. धोंडप्पा धोतर वर सरकवून बाजेवर बसले होते आणि तो सुजलेला गुडघा माझ्यासमोर उघडा होता.

तेवढ्यात दारात जीप थांबली आणि ऋतुजा उतरली. चन्नबसम्माने तिला आदल्या संध्याकाळीच फोन केला होता. मला वाटलं आता ही आरडाओरडा करील, मला हिसकावून घेईल. तसं काही झालं नाही. ती पाय धुऊन आली, आजोबांच्या समोर बसली आणि शांतपणे म्हणाली, "अज्जा, मी आडवी येत न्हाई. पण डागाची रीत तुमीच घातलीय. आधी शपथ."

धोंडप्पा चपापले. मग म्हणाले की शपथ मालक घेतो, बैल घेत नाही. ऋतुजा म्हणाली की इथे बैलही तुम्हीच आणि मालकही तुम्हीच. भुजंगला हसू आलं, ते त्याने मिशीत दाबलं. नातीने देवळीतली विभूती आणली, आजोबांच्या कपाळाला लावली आणि चिमूटभर त्यांच्या तळहातावर ठेवली.

"मला कसलं जू आलंय?" धोंडप्पा म्हणाले.

"मोटारीवर जायचं, पोती उचलायची, उकिडवं बसायचं, मांडी घालायची. हे समदं जूच हाय."

धोंडप्पांनी डोळे मिटले, इष्टलिंगाला हात लावला आणि तीन वेळा म्हणाले, "वीस दिवस जू न्हाई." मग गुडघा पुढे केला आणि भुजंगला खूण केली. भुजंगने मला विस्तवातून उचललं.

ऋतुजाने हात आडवा केला. शपथ डागाच्या आधी घेतात की मागून, असं तिने आजोबांना विचारलं. आधी, असं ते म्हणाले. "मग पाळायची पन आधी," ती म्हणाली. "वीस दिवस पाळा. एकविसाव्या दिवशी असंच दुखलं, तर मी माझ्या हातानं डाग दीन. तुमची शपथ, अज्जा."

एवढं बोलून तिने भुजंगच्या हातून माझी मूठ घेतली आणि मला पाण्याच्या बादलीत घातलं. आजवर कितीदा पाण्यात बुडाले असेन मी, पण असा गारवा मला कधी लागला नव्हता.

धोंडप्पा असे संतापले की बोलताना त्यांना ठसका लागला. फसवलंस, म्हणाले. पण ते अडकले होते. ज्यांनी आयुष्यभर गावाला सांगितलं की शपथ मोडली तर पाय जातो, त्यांना स्वतःची शपथ मोडता येईना. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र पट्टा बाजेखालून वर आला.

मी पुन्हा खुंटीवर गेले. ते वीस दिवस सोपे नव्हते. पहिला आठवडा ते बाजेच्या दावणीला ओढ देत कण्हत, सौम्य गोळीला शिव्या घालत, आणि ती जेवूनच घेत. सूज वाढली की चन्नबसम्मा शेजारच्या फ्रिजमधला बर्फ त्यांच्याच उपरण्यात गुंडाळून गुडघ्यावर ठेवी. तो बर्फ आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण बायको उशाशी बसून ठेवत असल्यावर मढ्याची गोष्ट काढायची सोय नव्हती. ऋतुजा रोज फोन करून व्यायामासाठी पडल्या पडल्या पाय किती वेळा उचलला ते विचारी. दुसऱ्या आठवड्यात त्यांना झोप लागू लागली. तिसऱ्या आठवड्यात ते भिंत धरून न्हाणीपर्यंत गेले. पाचव्याच दिवशी बैल जुंपणारा तो दत्ता एकदा भेटायला आला आणि त्यांचा पट्टा बघत बसला.

एकविसाव्या दिवशी ऋतुजा आली. कबूल केल्याप्रमाणे तिने मला खुंटीवरून काढून आजोबांच्या हातात दिलं आणि दुखतं का विचारलं. मला काठीसारखं हातात घेऊन धोंडप्पा हळूहळू, पण स्वतःच्या पायांनी, गोठ्याकडे चालत गेले.

गोठ्यात तांबड्या होता. त्यांचा सगळ्यात लाडका बैल, आता म्हातारा झालेला. त्याच्या खांद्यावर माझे दोन डाग होते, नऊ वर्षांपूर्वीचे. धोंडप्पांनी त्याला हाक मारली तसा तो नेहमीसारखा मान लांब करून आला. मग त्याला मी दिसले. मी थंड होते, गंजलेली होते, पण तांबड्या मागे सरकला, दावं ताणून भिंतीला अंग लावून उभा राहिला आणि त्याची कातडी थरथरू लागली. नऊ वर्षं झाली होती, मित्रांनो.

धोंडप्पांनी मला गव्हाणीआड ठेवलं आणि नातीकडे वळले.

"ऋतू, ह्याचा खांदा तवा डागाबिगर बरा झाला असता का गं?"

ऋतुजाला खोटं बोलून त्यांचं मन राखता आलं असतं. तिने ते केलं नाही. "झाला असता, अज्जा. वीस दिवस तुमी त्याला दिलेच होते."

धोंडप्पा तिथेच गव्हाणीच्या कट्ट्यावर टेकले. तांबड्याच्या खांद्यावर हात ठेवावा म्हणून त्यांनी हात पुढे केला, पण मध्येच थांबवला. शेवटी तांबड्यानेच मान पुढे घातली आणि त्यांचा हात चाटला. मी आजवर त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ते लहान मुलासारखे रडले आणि नातीने त्यांना रडू दिलं.

त्यानंतर महिन्याभराने झरीचे किशनराव टेम्पोत लंगडा बैल घालून घेऊन आले. जुनी कीर्ती ऐकून आले होते. धोंडप्पांनी बैलाला विभूती लावली, किशनरावांकडून तीन वेळा शपथ घेतली आणि बैल डॉक्टरकडे न्या म्हणाले. जनावराच्या दुखण्यावर त्यांच्याकडे चांगली इंजेक्शनं असतात, पण इंजेक्शनने बैल चालायला लागला तरी वीस दिवस जू नाही, हे लक्षात ठेवा, असंही सांगितलं. किशनराव नाराज झाले. डाग न देताच माघारी पाठवता का, म्हणून कुरकुरले. धोंडप्पांनी सरळ धोतर वर केलं, बिनडागाचा गुडघा त्यांच्यापुढे वाकवून दाखवला आणि म्हणाले, "मी पन बैलच हाय. दोन महिन्यामागं पाय टेकवत नव्हता." किशनराव गुडघ्याकडे आणि धोंडप्पांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले आणि मग बैल घेऊन गेले.

शिवप्रकाश आता मला भंगारात घालायचं म्हणतो. ऋतुजा मला कॉलेजात न्यायचं म्हणते, मुलांना दाखवायला. भंगारात गेले तर कुठल्या तरी खुरप्याच्या पात्यात जाईन, कॉलेजात गेले तर काचेआड बसेन. दोन्ही ठिकाणी मान खाली घालून राहणार नाही. माझ्याकडे बोट दाखवून कुणी क्रूर म्हणालं, तर मी म्हणेन की विस्तव कुणी पेटवला ते आधी सांग.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी पडाल, मुरगळाल, ठेचकाळाल. तुमच्याभोवती चार माणसं जमतील, कुणी गोळी काढील, कुणी लेप, कुणी बिब्बा, कुणी माझ्यासारखी सळई. जो सगळ्यात लवकर दुखणं थांबवायचं म्हणेल, त्याला थांबवा आणि विचारा की हे दुखणं बरं करणार की नुसतं झाकणार, आणि माझ्या अंगाला हे सोसेल का. डॉक्टरने सांगितलेले कंटाळवाणे दिवस पुरे करा. आणि गोठ्यातल्या मुक्या जीवासाठी तुम्हीच बोला. मला विस्तवात घातलं तर मी तापणारच, लोखंडाला नाही म्हणता येत नाही. बैलालाही येत नाही. तुम्हाला येतं, तर म्हणा.